लेक-जावयाची बोट पुन्हा लांगकावीलाच का थांबली?

नमस्कार भाऊ,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही समजेल. तुमची लेक आणि जावई शिडाच्या बोटीवर राहतात, तेच त्यांचं घर. जग बघायला म्हणून निघाले, पण मलेशियातल्या लांगकावी बेटावर यंदा तिसऱ्यांदा येऊन थांबलेत. तुम्ही दारव्ह्याजवळच्या गावातून मोबाइलवर त्यांच्या बोटीचा ठिपका बघता, आणि तीन आठवडे झाले तो जागचा हललेला नाही. बोट बिघडली, पैसे संपले की हौस फिटली, काही कळत नाही. फोनवर विचारलं तर "सगळं ठीक आहे बाबा" एवढंच उत्तर मिळतं. वैशाखात घरी पुतण्याचं लग्न आहे. त्याला ते येतील का, आणि नसतील येत तर तुम्ही दोघांनीच तिकडे जाऊन यावं का, असं तुम्ही विचारलंय.

मला यात खरा प्रश्न एकच दिसतो. राहतं घर पाण्यावर तरंगत असताना ते सोडून माणसाला घरी येता येतं का? येतं. पण ते जिथे माणसं, यार्ड (बोट पाण्याबाहेर काढून दुरुस्त करायची जागा), कागदपत्रं आणि हवामान सगळं माहितीचं आहे अशाच बंदरातून. म्हणून तो न हलणारा ठिपका बघून तुम्हाला घोर लागलाय, आणि मला मात्र वाटतंय की लग्नाला येण्याचा रस्ता असलाच तर तो तिथूनच आहे.

माझी ओळख एवढीच की मी आर्वी तालुक्यातला. जहाजाच्या इंजिनरूममध्ये नोकरी केली, पुढे लोकांच्या शिडाच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवून द्यायचं काम केलं, आणि मधली काही वर्षं आम्ही नवरा-बायको आमच्या स्वतःच्या छोट्या बोटीवरच राहिलो. फुकेत, लांगकावी, अंदमान हा पट्टा चांगला परिचयाचा. आता वावर बघतो. तुमच्या जावयाची बोट मी पाहिलेली नाही. ती किती लांब आहे, कुठल्या देशात नोंदलेली आहे, दोघांचे पासपोर्ट कुठले, यावर खालचं काही काही बदलेल. जिथे बदलेल तिथे तसं सांगतो.

आधी त्या ठिपक्याचं बघू. तुमची निम्मी काळजी त्यानेच लावली आहे. बोटीवर एआयएस नावाचं यंत्र असतं. बोटीचं नाव, जागा, वेग हे ते व्हीएचएफ रेडिओच्या लहरींवर सांगत राहतं. लहान बोटींवरचं यंत्र चालत्या बोटीतून साधारण अर्ध्या मिनिटाला एकदा आणि थांबलेल्या बोटीतून तीन मिनिटांनी एकदा संदेश सोडतं. किनाऱ्यावरच्या एखाद्या अँटेनाने तो पकडला तर तुमच्या मोबाइलवर ठिपका उमटतो. या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे बोट किनाऱ्यापासून चांगली लांब गेली की ठिपका गायब होतो. तिकडे बोट मजेत चाललेली असते आणि इकडे घरचे देव पाण्यात घालून बसतात. माझ्या आईने हे पुष्कळ केलंय. तेव्हा ठिपका दिसेनासा झाला म्हणून घाबरायचं नाही, आणि बंदरात थांबलेला दिसला तर त्याहून नाही.

नकाशा जरा मोठा करून बघा. ठिपका छोट्याशा गोलात इकडून तिकडे सरकत असेल तर बोट नांगरावर आहे. भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर ती तोंड फिरवते, तशी जागा थोडी बदलते. एकाच ठिकाणी खिळलेला असेल तर बोट मरिनात, म्हणजे बोटी लावून ठेवायच्या तळावर, दोरांनी बांधलेली आहे. दोन दिवस दिसलाच नाही तर बॅटरी वाचवायला यंत्र बंद केलं असेल. आणि फोनचंही एक सांगतो. मलेशियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. आपली जेवणं आटोपून तुम्ही नऊला फोन लावता तेव्हा तिथे साडेअकरा झालेले असतात. बोटीवरची माणसं अंधार पडला की दोन तासांत आडवी होतात. "सगळं ठीक आहे बाबा" एवढंच उत्तर येण्याचं निम्मं कारण हेच असू शकेल. सकाळी सातला लावून बघा.

आता, तेच बेट का? आपल्याकडे कच्छातले रबारी उंट-मेंढ्या घेऊन येतात. वर्षभर फिरतात, पण मुक्काम पडतो ठरलेल्या शिवारात. पाणी कुठे आहे, कुणाच्या वावरात मेंढ्या बसवल्या की धान्य मिळतं, कोणता किराणावाला उधार देतो, जनावर आजारी पडलं तर कुणाला बोलवायचं, हे त्यांना तिथे ठाऊक असतं. बोटीवर राहणाऱ्याचं ओळखीचं बंदर तसंच असतं.

लांगकावी त्या कामाला फार सोयीचं आहे. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या उत्तर तोंडाशी, थायलंडच्या हद्दीला लागून हा बेटांचा पुंजका आहे. फुकेत तिथून सव्वाशेच्या आसपास सागरी मैल, म्हणजे शिडाच्या बोटीला रमतगमत दोन-तीन मुक्कामांचा रस्ता. १९८७ पासून तिथे आयात शुल्क माफ आहे. पर्यटक त्याचा फायदा चॉकलेट आणि दारूत घेतात, बोटवाले दोर, रंग, पंप आणि बॅटऱ्यांत. मुख्य गाव कुआ. त्याच्या पुढ्यातली खाडी चिखलाच्या तळाची आहे आणि नांगर चिखलात चांगला धरतो. तमिळ वस्ती असल्याने तूरडाळ, मोहरी, कढीपत्ता मिळतो. हे वाचायला किरकोळ वाटतं, पण महिनाभर डबाबंद खाऊन आलेल्याला विचारा.

बोट बिघडली का, या तुमच्या शंकेवर सांगायचं तर, खाऱ्या पाण्यातली बोट रोज थोडी थोडी बिघडतच असते. उबदार पाण्यात बुडाला शेवाळ आणि कडक कवचाचे बार्नेकल चिकटतात, वेग कमी होतो. वर्षा-दोन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून ते खरवडायचं आणि विशिष्ट रंग द्यायचा, हे चुकत नाही. शिडांची शिवण उन्हाने कुजते. इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपात रबराचं पंख्यासारखं चाक असतं, ते झिजतं. त्याचा एक तुकडा पाइपात अडकला तरी इंजिन तापतं. डिझेलच्या टाकीत पाणी उतरतं आणि त्यात बुळबुळीत गाळ धरतो.

सगळ्यात जपायच्या त्या डोलकाठी धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा. त्या अनेक बारीक तारांच्या पिळाने बनलेल्या असतात. पिळातली एखादी तार तुटली की डोळ्याला दिसत नाही, पण जोराच्या वाऱ्यात तिथूनच सगळं जाऊ शकतं आणि डोलकाठी समुद्रात पडते. तपासायची जुनी रीत आहे: कापसाचा बोळा तारेवरून हलक्या हाताने फिरवायचा. जिथे तुटलेलं टोक असेल तिथे कापसाचा धागा अडकून राहतो. खालच्या टोकाला, जिथे तार धातूच्या टोपणात शिरते, तिथे बोळा दोनदा फिरवायचा, कारण पाणी तिथे मुरतं आणि गंज आतून धरतो. मी घरूनच सरकी काढलेल्या कापसाची पुडी न्यायचो. विदर्भातला माणूस मलेशियात कापूस विकत घेणार थोडाच!

ही कामं अनोळखी बंदरातही होतात, पण तिगुणा वेळ आणि दुप्पट पैसे लागतात. वेल्डिंगवाला कोण चांगला, कोण गोड बोलून महिना घालवतो, हे पहिल्या खेपेला कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कळतं. म्हणून तीन आठवडे ठिपका हलला नाही हे ऐकून मला वाटतं की एखादा सुटा भाग मागवला आहे आणि तो यायचा आहे. बोटीवर राहणाऱ्यांचं निम्मं आयुष्य पार्सलची वाट बघण्यात जातं.

पैशाचं म्हणाल तर शक्यता नाकारत नाही. नांगरावर राहणं स्वस्त पडतं, मरिनात बोटीच्या लांबीप्रमाणे भाडं लागतं, आणि बुडाचा रंग, नव्या तारा किंवा बॅटऱ्या एकाच वर्षात निघाल्या तर कुणाचीही तारांबळ उडते. काही जोडपी अशा वेळी एका जागी थांबून इंटरनेटवर काम करतात किंवा दुसऱ्यांच्या बोटींची दुरुस्ती करतात. यात लपवण्यासारखं काही नाही, पण चारचौघांत फोन स्पीकरवर टाकून विचारलंत तर लेक सांगणार नाही. एकटे असताना विचारा, आणि "पैसे संपले का" असं न विचारता "या वर्षी बोटीचं काय काय मोठं काम निघालं?" असं विचारा. खर्चाचा अंदाज त्यातच येईल.

थकव्याचंही बघा. दोघांच्याच बोटीवर लांबचा प्रवास म्हणजे एक झोपणार, एक जागणार, दर तीन-चार तासांनी पाळी बदलणार, रात्रंदिवस. लांगकावीहून पोर्ट ब्लेअर, ज्याला आता श्री विजयपुरम म्हणतात, सरळ रेषेत सव्वापाचशे सागरी मैलांच्या आसपास आहे. पाच नॉटच्या, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांच्या वेगाने अखंड चाललं तरी चार-साडेचार दिवस लागतात, आणि वारा इतका सरळ कधी वागत नाही. मलाक्काच्या तोंडाशी मोठ्या जहाजांची रांग असते, किनाऱ्याजवळ मासेमारांची जाळी आणि दिवे नसलेल्या होड्या. पाच दिवसांनी माणूस बंदराला लागतो तेव्हा त्याला देखावा बघायचा नसतो. जिथे डोळे मिटून झोपता येईल अशी जागा हवी असते, आणि ती आपल्याला ठाऊक असलेली जागाच असते.

गावात कुणी म्हणत असेल की जग फिरायला निघालेले लोक असे बसून राहतात का, तर त्यांना सांगा: कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई' बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले, त्यांनीही फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केप टाउन अशी चार बंदरं घेतली होती. न थांबता प्रदक्षिणा अभिलाष टॉमींनी पुढे २०१२-१३ मध्ये केली. ती मोहीम होती, पाठीशी अख्खं नौदल होतं. तुमची लेक तिथे संसार करतेय.

आता ऋतू, कारण लग्नाची तारीख त्याच्याशी जोडलेली आहे. अंदमान समुद्रात साधारण नोव्हेंबरअखेर ते एप्रिल ईशान्येचा वारा असतो, हवा कोरडी आणि समुद्र त्यातल्या त्यात शांत. बोटी या काळात फिरतात. मे महिन्यात नैऋत्य मोसमी वारा सुरू होतो. थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे उघडे मुक्काम मग सोईचे राहत नाहीत, आणि वरती बंगालच्या उपसागरात मॉन्सूनच्या आधी आणि नंतर चक्रीवादळं होतात. लांगकावी सव्वासहा अंश उत्तर अक्षांशावर आहे. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ पृथ्वीच्या फिरण्याचा जोर वाऱ्याला वळवायला कमी पडतो, त्यामुळे चक्रीवादळ तिथवर क्वचितच येतं. क्वचित म्हणतो, कधीच नाही असं नाही. डिसेंबर २००१ मध्ये 'वामेई' नावाचं वादळ विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर, सिंगापूरजवळ तयार झालं होतं. तरीपण पावसाळ्यात बोट ठेवायला हा पट्टा चांगला, आणि विमा कंपन्याही वादळाच्या मोसमात बोट कुठे असावी याची अट घालतात. दरवर्षी हंगामाच्या शेवटी तुमचे लेक-जावई तिथे येतात यात मला आळस दिसत नाही, बरोबर हिशेब दिसतो.

मात्र ओळखीच्या बंदराचा एक धोका आहे, आणि जावई माझ्यापुढे बसला असता तर मी त्याच्याशी सगळ्यात जास्त यावरच बोललो असतो. माणूस तिथे डोक्यातल्या नकाशावर चालतो. गेल्या वर्षी इथे पाच मीटर पाणी होतं, म्हणजे आताही असणार, असं धरून चालतो. मधल्या काळात तिथे एखादी बोट बुडून पडलेली असते, कुणी माशांचे पिंजरे टाकलेले असतात, वाळू सरकलेली असते, रस्ता दाखवणारा तरंगता बोया हलवलेला असतो. माझा नेम असा होता की दहाव्यांदा येत असलो तरी बंदरात शिरायचं उजेडीच. संध्याकाळी तोंडाशी पोचलो तर शीड उलटं लावून, सुकाणू बांधून, बोट जागच्या जागी डुलत ठेवायची आणि सकाळ करायची. आत दिवे दिसत असतात, कुठल्या टपरीवर चहा मिळतो ते माहीत असतं, बायको म्हणते चल ना, अर्ध्या तासाचं तर काम. त्या अर्ध्या तासात विनादिव्याचं जाळं बुडाखालच्या, बोट ढकलणाऱ्या पंख्यात गुंतलेल्या बोटी मी ओढून आणल्या आहेत.

नांगर टाकतानाही तेच. लांगकावीला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत तीन मीटरच्या आसपास फरक पडतो. समजा ओहोटीला पोचलात, पाणी पाच मीटर, बोटीचं नाक पाण्याच्या वर एक मीटर, म्हणजे सहा. साखळी पाचपट सोडायची म्हणून तीस मीटर सोडली आणि जेवायला बसलात. रात्री भरती आली की तेच सहाचे नऊ झाले, आणि तुमची तीस मीटर साखळी जेमतेम सव्वातीनपट उरली. हिशेब पूर्ण भरतीचा धरायचा, म्हणजे पंचेचाळीस मीटर. मग इंजिन उलटं चालवून साखळी ताणायची आणि नाकाशी वाकून तिच्यावर तळहात ठेवायचा. नांगर धरला असेल तर साखळी ताठ आणि मुकी लागते. घसरत असेल तर हाताला गुरगुर जाणवते, थांबत थांबत येणारे धक्के बसतात. तसं असलं तर उचलायचा आणि पुन्हा टाकायचा, मग कितीही भूक लागलेली असो. शेवटी किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरायच्या, एखादा टॉवर आणि त्याच्या मागचं डोंगराचं टोक, आणि झोपण्याआधी त्या एका रेषेत आहेत का ते बघायचं.

हे एवढ्यासाठी की एप्रिलपासून त्या सामुद्रधुनीत 'सुमात्रा' म्हणतात ती वादळं येतात. बहुतेक करून उत्तररात्री किंवा पहाटे, सुमात्रा बेटाच्या बाजूने काळी भिंत सरकत येते, वारा एकदम चाळीस नॉटच्या वर जाऊ शकतो, म्हणजे ताशी पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, सोबत कडकडाट. तास-दीड तासात संपतं. नांगर नीट धरलेल्या बोटीवर माणूस कूस बदलून झोपतो. बाकीचे अर्ध्या चड्डीत डेकवर धावत असतात. समुद्र तिथेही लाड करत नाही; २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत रेबाक आणि तेलागा या तिथल्या दोन मरिनांचं नुकसान झालं होतं.

आता लग्न. वैशाख म्हणजे नेमका हंगाम संपायचा काळ, आणि बोट वर काढून घरी जायला सगळे बोटवाले हाच काळ धरतात. म्हणून यार्डातली जागा लवकर भरते. तुम्ही "येता का?" असं विचारत बसू नका. लग्नाची तारीख, हळदीची तारीख, आणि त्यांनी किती दिवस राहावं अशी तुमची इच्छा आहे, हे आजच कळवा. आता फाल्गुन सरतोय. अजून वेळ आहे. बोट यार्डात वर काढणार, मरिनात बांधणार की नांगरावर कुणाच्या भरवशावर ठेवणार, हे ते ठरवतील. पहिले दोन पर्याय चांगले. तिसरा मला पटत नाही, पंधरा दिवसांसाठीसुद्धा नाही, शेजारचा बोटवाला कितीही भला असला तरी. वादळाच्या रात्री माणूस आधी आपली बोट सांभाळतो.

यार्डाचं ठरलं तर त्यात एक गंमत आहे. खोल बुडाच्या बोटी काही यार्डांत मोठ्या भरतीलाच वर काढता येतात, आणि उधाण येतं अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास. तुम्ही मुहूर्तासाठी पंचांग बघितलं असेल, तर जावईही तेच तिथ्यांचं गणित मांडत बसला असेल. लग्न पौर्णिमेच्या अलीकडे चार दिवस असेल तर त्याला आधीची अमावस्या धरावी लागेल. त्याने "दोन आठवडे आधीच यावं लागेल" किंवा "जमेलसं वाटत नाही" असं काही म्हटलं तर त्यामागे हेही असू शकतं, लगेच रुसू नका.

बोट बंद करायलाही चांगला आठवडा जातो. शिडं उतरवून कोरडी करून घडी घालायची, नाहीतर बुरशीचे काळे डाग पडतात. बुडाला पाण्याच्या पाइपांसाठी भोकं असतात, त्यांच्या तोट्या बंद करायच्या. बोट पाण्यातच राहणार असेल तर आत शिरलेलं पाणी आपोआप उपसणारा पंप बादलीभर पाणी ओतून चालवून बघायचा. दोर जिथे घासतात तिथे जुना पाइप चढवायचा. पीठ, डाळ, बिस्किटं सगळं वाटून टाकायचं. तिथल्या दमट हवेत बंद बोटीत उरलेल्या कणकेचं काय होतं ते सांगत नाही, तुम्हाला जेवायचं असेल.

त्यात कागदांचा भाग वेगळा. पुष्कळांना वाटतं की व्हिसा असला की झालं. पण बोटीला देशात राहायची मुदत वेगळी, ती कस्टमच्या ताब्यात. माणसांची मुदत वेगळी, ती इमिग्रेशनच्या. समुद्रातून खलाशी म्हणून आलेला माणूस विमानाने बाहेर पडणार असेल तर पुष्कळ देशांत बोटीच्या यादीतून त्याचं नाव रीतसर कमी करून घ्यावं लागतं, आणि परतताना दाखवायला बोटीचे कागद जवळ ठेवावे लागतात. ओळखीच्या बंदरात कोणत्या खिडकीवर आधी जायचं हे माहीत असल्याने सकाळभरात होतं. लेकीला एवढं विचारा की बोटीची मुदत आणि त्यांची मुदत, दोन्ही लग्नाच्या पलीकडे जातात ना. हा प्रश्न ऐकून जावई चकित होईल, तो भाग वेगळा.

नाहीच जमलं तर तुम्ही जा, पण मे-जूनमध्ये नको. कापसाची वेचणी आणि तूर आटोपली, हरभरा घरात आला की फेब्रुवारीअखेर ते मार्च हा काळ तुम्हालाही मोकळा आणि तिथेही हवा कोरडी. क्वालालंपूरला विमान बदलून थेट बेटावर उतरता येतं. त्यांना आधीच सांगून ठेवा की तुमच्या मुक्कामात बोट मरिनात तरंगत्या धक्क्याला बांधलेली हवी. तो धक्का भरतीबरोबर बोटीसोबतच वर-खाली होतो, त्यामुळे पाऊल टाकायचं अंतर दिवसभर तेवढंच राहतं. पक्क्या सिमेंटच्या जेटीवर ओहोटीला दोन-तीन मीटर शेवाळलेली शिडी उतरावी लागते, आणि नांगरावर असतील तर आधी रबरी होडीत बसावं लागतं. वहिनींच्या गुडघ्यांचं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे सांगतो. पहिले दोन दिवस बोट हलवू देऊ नका. तिसऱ्या दिवशी सकाळी, वारा पडलेला असताना, जवळच्या एखाद्या बेटापर्यंत जाऊन या. मळमळ झालीच तर आत जाऊन झोपू नका, बाहेर बसून लांबच्या क्षितिजाकडे बघत राहा. आठवडाभर बोटीवर आणि बाकीचे दिवस गावात खोली घेऊन, असा मुक्काम मला योग्य वाटतो. तीस-पस्तीस फुटांच्या बोटीत चार माणसं आठवड्यापलीकडे राहिली की प्रेम पातळ व्हायला लागतं.

न्यायचं काय, तर जवसाची आणि कारळाची चटणी, कुरडया, शेवया, लोणचं, सगळं घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत. बियाणं, रोपटं, ताजी फळं-भाजी नेऊ नका, विमानतळावरच अडकेल. पुठ्ठ्याचं खोकं तर बोटीवर चढवूच नका. त्याच्या पदरांत झुरळांची अंडी येतात आणि एकदा बोटीत झुरळ झालं की ते निघता निघत नाही. चाकांची कडक बॅगही नको, बोटीत ती ठेवायला जागा नसते; कापडी, घडी होणारी पिशवी घ्या. आणि तुमच्या सामानात निम्मी जागा रिकामी ठेवा, कारण तुम्ही येताय म्हटल्यावर जावई कुठल्यातरी पंपाचे सुटे भाग मागवून तुमच्या पत्त्यावर पाठवणार, हे नक्की. त्यांची बिलं सोबत ठेवा.

एवढं करा: बोटीची लांबी, ती कुठल्या देशात नोंदलेली आहे, सध्या नांगरावर आहे की मरिनात, आणि लग्नाची नक्की तारीख, हे चार मुद्दे जावयाला विचारून इथेच कळवा. मग बोट वर काढायला कोणती भरती धरावी लागेल आणि त्यांना तिथून कधी निघता येईल, ते मी पंचांग घेऊन बसून सांगतो.